दोन कुत्री, दोन फेऱ्या

आजच्या लेखाचा आरंभ माझ्या एका चुकीने करतो. डॉक्टरांच्या चुका सहसा छापून येत नाहीत. परंतु ही चूक अशी आहे की ती वाचून आपल्यापैकी दोघा-चौघांची हाडे वाचली, तर मला तिचा संकोच वाटण्याचे कारण नाही.

मालवण शहरानजीकच्या एका वाडीत राहणाऱ्या एक काकी माझ्या जुन्या रुग्ण. वय ७१, वजन ४८ किलो, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. यजमान जाऊन काही वर्षे झालेली, मुलगा मुंबईस. उन्हाळ्यात त्यांची साखर वाढलेली दिसली, तेव्हा मी नेहमीच्या सवयीने म्हणालो, “काकी, औषध वाढवण्याआधी रोज अर्धा तास चाला.” त्यांनी विचारले, “कुत्र्यांका घेवन चललंय तर चलात मां?” मी म्हणालो, “उत्तमच! कुत्रे सोबत असले की चालणे चुकत नाही.” आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

काकींच्या प्रश्नातील अनेकवचनाकडे माझे लक्षच गेले नव्हते.

पावसाळा सरता सरता त्या पुन्हा आल्या. उजवे मनगट सुजलेले आणि पालथ्या चमच्यासारखे वाकलेले. क्ष-किरण चित्र काढण्यापूर्वीच निदान स्पष्ट होते. मी काहीसा रागावूनच विचारले, “काय केलंत हे?” त्या शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टरांनु, तुमीच सांगितल्यात ना, चलूक होया म्हणान? मिया चलतंय.”

घडले ते असे. घरी मोती नावाचा अकरा वर्षांचा गावठी कुत्रा पूर्वीपासूनच होता. मुंबईतील सदनिका लहान पडू लागली, म्हणून दोन वर्षांपूर्वी मुलाने आपला लॅब्राडोर, ब्रूनो, गावी आणून ठेवला. ब्रूनो तीस किलोचा, मोती सतरा किलोचा. दोघांची बेरीज सत्तेचाळीस, म्हणजे काकींच्या स्वतःच्या वजनाइतकीच. सकाळी समुद्राकडे जाणाऱ्या पाणंदीत मोती मागे रेंगाळून एक दगड हुंगत होता. पुढे गडग्यावर मांजर दिसले आणि ब्रूनोने झेप घेतली. एक हात पुढे ओढला गेला, दुसरा मागे अडकला, पायाखाली शेवाळलेला जांभा. ब्रूनो निसटू नये म्हणून त्याच्या दोरीचे दोन वेढे काकींनी मनगटाभोवती घेतले होते. त्या उजव्या हातावर पडल्या.

मी विचारले, “दोरी सोडून का नाही दिलीत?” त्यावरचे उत्तर मी विसरू शकलेलो नाही. “सोडूचो कसो? झील इचारतलो, कुत्रो खंय गेलो म्हणान.”

आता यातील उपरोध पाहा. पडण्याच्या हिसक्याने पट्ट्याची कडी तुटलीच, ब्रूनो मोकळा झालाच, आणि पाच मिनिटांत स्वतः परत येऊन काकींच्या शेजारी बसला. मोती तर जागचा हललाही नव्हता. कुत्रे हरवले नाही. मनगट मात्र मोडले.

हा एकट्या काकींचा प्रश्न नाही

आपल्या किनारपट्टीवर हे चित्र आता घरोघरी दिसू लागले आहे. पूर्वी गावचे कुत्रे अंगणात मोकळे असे. त्याला फिरवायला नेणे ही कल्पनाच कोणाच्या मनात येत नसे. मुंबई-पुण्याच्या मुलांबरोबर आलेली मोठ्या चणीची कुत्री मात्र दोरीने फिरवावी लागतात. मुले परततात, कुत्री राहतात. घरचे एक आणि बाहेरून आलेले एक अशी जोडी जमते, आणि दोन्ही दोऱ्या सत्तरीच्या हातात येतात.

परदेशांत या अपघातांची पद्धतशीर नोंद झाली आहे. अमेरिकेत ६५ वर्षांवरील व्यक्तींना दोरीने कुत्रा फिरवताना झालेल्या अस्थिभंगांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २००४ साली असे अंदाजे १,६७१ रुग्ण तातडीच्या विभागांत आले होते; २०१७ साली ती संख्या ४,३९६ झाली. त्यांत चारपैकी तीनहून अधिक स्त्रिया होत्या. निम्म्याहून अधिक अस्थिभंग हात, मनगट, दंड आणि खांदा यांचे होते. परंतु एकेका हाडाचा हिशेब मांडला, तर सर्वांत वरचा क्रमांक खुब्याचा होता, सुमारे १७ टक्के. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात २००१ ते २०२० या काळातील सर्व वयांच्या प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या. बोटांचे अस्थिभंग, मेंदूला इजा आणि खांद्याचे मुरगळणे या तीन दुखापती त्यांत अग्रभागी आढळल्या.

आकडे अमेरिकेचे आहेत. परंतु साठीनंतर ठिसूळ होणारे हाड मालवणातही तसेच ठिसूळ होते. आणि तिथल्या सपाट पदपथांऐवजी आपल्याकडे जांभ्याच्या पायऱ्या, उताराच्या पाणंदी आणि पावसाळाभर साचणारे शेवाळ आहे.

एकाऐवजी दोन झाले की काय बदलते?

“एक कुत्रा सांभाळता येतो, तर दोन का नाही?” हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु दोन कुत्र्यांचा त्रास हा एका कुत्र्याच्या त्रासाची दुप्पट नसतो. तो वेगळ्याच जातीचा असतो.

पहिली गोष्ट दिशेची. एक कुत्रा ओढतो तेव्हा ओढ एकाच बाजूने येते आणि शरीर उलट बाजूस झुकून तोल सावरू शकते. दोन कुत्री दोन दिशांना गेली की झुकायला बाजूच उरत नाही. शिवाय दोन्ही हात गुंतलेले असल्याने पडताना आधार धरण्यास एकही हात मोकळा नसतो.

दुसरी गोष्ट चालीची. वयाने, वजनाने आणि स्वभावाने भिन्न कुत्री एका गतीने चालत नाहीत. तरुण कुत्रा पुढे धावतो; वृद्ध कुत्रा मागे थांबतो. मधल्या माणसाची चाल सतत तुटते. म्हातारपणी तोल जातो तो बहुधा सरळ चालताना नव्हे. थांबताना, वळताना आणि मागे पाहताना.

तिसरी गोष्ट उत्तेजनाची. एक भुंकला की दुसरा कारण न पाहता भुंकतो. एकटा मोती मांजराकडे पाहून मान फिरवील. ब्रूनोने झेप घेतली की तोही धावू पाहतो.

चौथी गोष्ट दोऱ्यांची. दोन कुत्री जागा बदलतात, दोऱ्या एकमेकींत गुंततात आणि एखादी पायांच्या मागून जाते. पुढे ठेच लागली तर माणूस हातावर पडतो. मागून पाय अडकला तर तो खुब्यावर किंवा डोक्यावर पडतो. दुसरे पडणे अधिक घातक.

आणि पाचवी गोष्ट आपल्या मेंदूची. तरुणपणी चालणे आपोआप घडते. वय वाढते तसे त्याला लक्ष द्यावे लागते. बोलता बोलता जागीच थांबणारे आजोबा आपण पाहिले असतील. त्यांचा मेंदू बोलणे आणि चालणे यांपैकी एकाची निवड करीत असतो. दोन कुत्री, रस्त्यावरची दुचाकी आणि पायाखालची पायरी या सर्वांकडे एकदम पाहण्याची अपेक्षा त्याच्याकडून करणे न्याय्य नाही.

मग कुत्री देऊन टाकावीत काय?

काकींच्या हाताला प्लास्टर लागले त्याच संध्याकाळी मुलाचा मला दूरध्वनी आला. तो भ्यायला होता, आणि भीतीपोटी ठाम झाला होता. “डॉक्टर, रविवारी येतो आणि दोन्ही कुत्री कोणाला तरी देऊन टाकतो.” मी त्याला सहा आठवडे थांबण्याची विनंती केली.

याचे कारण भावनिक नव्हते, किंवा केवळ भावनिक नव्हते. प्लास्टरच्या दिवसांत शेजारची मंडळी कुत्र्यांना अंगणातच सोडीत आणि काकी ओसरीवर बसून असत. त्यांचे चालणे थांबले. जेवणाच्या वेळा बिघडल्या. महिन्याभराने तपासलेली साखर उन्हाळ्यातल्यापेक्षाही वर गेली होती. ज्या घरात दिवसभर बोलायला माणूस नाही, तिथे “चला, उठा” म्हणणारे एवढे दोनच जीव असतात. ते काढून घेतले की पडण्याचा धोका कमी होतो खरा. परंतु न चालण्याने स्नायू क्षीण होतात आणि तोच धोका काही महिन्यांनी मागील दाराने परत येतो.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी, की ज्येष्ठांनीही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा आणि आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. आता हिशेब पाहा. एका कुत्र्याला पंधरा मिनिटे फिरवून घरी आणायचे, घोटभर पाणी पिऊन दोन मिनिटे टेकायचे आणि मग दुसऱ्याला पंधरा मिनिटे फिरवायचे. दिवसाला तीस मिनिटे, आठवड्यातील पाच दिवसांत दीडशे. जे अर्ध्या तासाचे एकत्र फिरणे धोक्याचे होते, तेच दोन फेऱ्यांत विभागले की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा व्यायाम होतो.

मी उन्हाळ्यात हे सांगायला हवे होते. सांगायला एक मिनिट लागले असते.

आधी स्वतःची परीक्षा

दोरी हाती घेण्यापूर्वी घरच्या घरी एक चाचणी करा. घरातील कोणीतरी घड्याळ घेऊन उभे राहावे. ज्येष्ठ व्यक्तीने खुर्चीतून उठावे, नेहमीच्या चालीने ३ मीटर चालावे, वळावे, परत येऊन बसावे. यास १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजावे. अशा व्यक्तीने ओढणारा कुत्रा एकट्याने फिरवू नये आणि आपल्या डॉक्टरांना भेटावे.

याखेरीज पुढील गोष्टी आठवून पाहा. गेल्या वर्षभरात एकदा तरी पडलात काय? उठताना अंधारी येते काय? रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू आहेत काय? या गोळ्यांनी उभे राहिल्यावर रक्तदाब खाली येऊ शकतो किंवा सकाळीही गुंगी राहू शकते. गोळ्या स्वतः बंद करू नयेत. वेळ किंवा मात्रा बदलता येईल काय, हे डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी फिरायला जाऊ नये. खिशात साखर किंवा गोळी-बिस्किट ठेवावे. दुहेरी काचांचा चष्मा असेल तर पायऱ्या उतरताना खालच्या काचेतून जमीन धूसर दिसते, हे ध्यानात असू द्यावे.

हातात काठी असलेल्या व्यक्तीने एकच नियम पाळावा. काठी हवी, तर दोरी दुसऱ्याच्या हाती. काठी हा तिसरा पाय आहे. त्याला कुत्रा बांधू नये.

दोरीचे नियम

दोरी साधी, सुमारे दीड मीटरची, सुती किंवा जाड कापडी पट्टीची असावी. बटण दाबले की लांबणारी आणि आखडणारी दोरी ज्येष्ठांनी वापरू नये. कुत्रा धावत सुटतो, दोरी संपते तेव्हा हिसका एकदम बसतो, आणि ती बारीक दोरी बोटांभोवती आली तर बोट कापले जाऊ शकते.

ओढणाऱ्या कुत्र्याला गळ्याच्या पट्ट्याऐवजी हार्नेस घालावा. मात्र दोरी अडकवण्याची कडी पाठीवर नसून छातीवर असावी. पाठीवरच्या कडीमुळे कुत्र्याला गाडी ओढणाऱ्या बैलासारखी पूर्ण ताकद लावता येते. कडी छातीवर असेल तर ओढताच तो आपोआप आपल्याकडे वळतो.

दुकानांत एका मुठीला दोन कुत्री अडकवण्याचा जोडपट्टा मिळतो. दोऱ्या गुंतू नयेत म्हणून तो उपयोगी आहे, परंतु समान आकाराच्या व शिकवलेल्या कुत्र्यांसाठी आणि बळकट हातांसाठी. एक वृद्ध आणि एक तरुण कुत्रा असेल तर वृद्ध कुत्रा अक्षरशः फरफटत जातो, आणि दोघांची एकवटलेली ओढ आपल्या एकाच खांद्यावर येते.

आणि आता सर्वांत महत्त्वाचा नियम. दोरी मनगटाभोवती गुंडाळू नये, बोटांत अडकवू नये, कमरेला तर मुळीच बांधू नये. ती तळहातात अशी धरावी की मूठ उघडताच सुटेल. घरी अंगणात याचा सराव करा. कुत्रा नसताना कोणालातरी हलकेच दोरी ओढायला सांगा आणि मूठ उघडा. दहा वेळा करा. हे हास्यास्पद वाटेल. परंतु हिसका बसला की मूठ स्वभावतः आवळते, आणि ती उघडणे शिकावे लागते.

आपल्या जिल्ह्यात दत्तभक्ती घरोघरी आहे. कुडाळ तालुक्यातील माणगाव ही टेंबे स्वामींची जन्मभूमी. दत्तगुरूंच्या तसबिरीत पायांशी चार श्वान असतात. चारही मोकळे, आणि तरीही कोणी पळून गेलेले नाही. आपली योग्यता तेवढी नाही हे मान्य. पण दोरीपेक्षा सवय अधिक धरून ठेवते, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नसावी. “थांब”, “बस” आणि “इकडे ये” हे तीन शब्द प्रत्येक कुत्र्याला स्वतंत्रपणे, अंगणात, खाऊच्या मदतीने शिकवावेत. एकेकटा कुत्रा दोरी न ताणता चालू लागल्याशिवाय दोघांना एकत्र नेण्याचा विचारही करू नये. आणि एकत्र न्यायचेच असेल, तर दोन कुत्र्यांमागे दोन माणसे हवीत.

आपला किनारा, आपली वाट

चिवला असो, दांडी असो वा तारकर्ली, किनाऱ्यावर चालणे सुखाचे. परंतु सुकी भुसभुशीत वाळू पाय रुतवते आणि घोटा वळवते. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू चालण्यास बरी. दुपारची तापलेली वाळू कुत्र्याच्या तळव्यांना भाजते आणि भाजलेला कुत्रा सैरावैरा ओढतो. तळहाताची मागची बाजू वाळूवर काही सेकंद टेकवून पाहा. आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही.

रापण ओढण्याच्या वेळी त्या बाजूस जाऊ नये. मासळीचा वास, कावळे, घारी आणि तिथे जमणारी गावातील कुत्री यांपुढे कोणाचेही शिक्षण टिकत नाही. जाळ्यातून टाकून दिलेला केंड मासा किनाऱ्यावर पडलेला असतो. तो विषारी आहे. कुत्र्याने तो खाल्ल्यास जिवावर बेतू शकते. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत पर्यटकांच्या गाड्यांची वर्दळ असते. तेव्हा सूर्योदयानंतर लगेचची वेळ निवडावी.

मात्र अंधारात निघू नये. पहाटे काळोख असेल तर विजेरी हवीच. गडग्याच्या दगडांत आणि वाळलेल्या पाचोळ्यात फुरसे असते, आणि कुत्रा नेमका तिथेच नाक खुपसतो व आपला पाय त्यामागे जातो. पावसाळ्यात पाणंदीऐवजी डांबरी रस्ता बरा. पायांत मागे पट्टा असलेले, खाचदार तळाचे सँडल घालावेत. गुळगुळीत झालेल्या रबरी चपला दाराबाहेरच ठेवाव्यात. साचलेल्या पाण्यातून कुत्र्याला व स्वतःला नेऊ नये. लेप्टोस्पायरोसिस हा आपल्या जिल्ह्याला अपरिचित आजार नाही. पायाला जखम असल्यास ती झाकून घ्यावी, परतल्यावर हातपाय साबणाने धुवावेत, आणि पावसाळ्यात ताप आल्यास अंगावर न काढता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

समोरून मोकळी कुत्री आली तर पळू नये, ओरडू नये. थांबून, शांतपणे दिशा बदलावी. भांडण जुंपलेच तर मध्ये हात घालू नये आणि लहान कुत्र्याला उचलूनही घेऊ नये. दोरी सोडून स्वतः बाजूला व्हावे.

चावा लागला वा दाताचा ओरखडा आला, मग तो घरच्या कुत्र्याचा का असेना, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जावे. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीचे वेळापत्रक ०, ३, ७ आणि २८ वा दिवस असे आहे. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत द्यावयाचे इंजेक्शनही लागते. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजला उपचार नाही. लक्षणांपूर्वी मात्र तो टाळता येतो.

पडल्यावर

पडल्यास घाईने उठू नये. आधी दोरी सोडावी. दोन-चार श्वास घेऊन हातपाय हलवून पाहावेत. पाय आखूड झाल्यासारखा, बाहेरच्या बाजूस वळलेला दिसत असेल आणि त्यावर भार देता येत नसेल, तर खुब्याचा अस्थिभंग समजून तसेच पडून राहावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. अशा अस्थिभंगाची शस्त्रक्रिया शक्य तितकी लवकर, एक-दोन दिवसांत झालेली बरी. “बघू, तेल लावून पाहू” यात गेलेला आठवडा फार महाग पडतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या डोक्याला मार लागला असेल, तर वरून जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी रुग्णालयात तपासणी करावी. भ्रमणध्वनी पिशवीत नव्हे, अंगावर असावा. गळ्यात एक साधी शिट्टी असली तर अधिक चांगले.

मनगट मोडलेल्या प्रत्येक ज्येष्ठ स्त्रीने हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी करून घ्यावी. मनगट ही पहिली सूचना असते. तिच्याकडे दुर्लक्ष केले, तर पुढील सूचना खुब्याकडून येऊ शकते.

मुलांसाठी चार शब्द

घरापासून दूर असलेल्या मुला-मुलींनो, आपला कुत्रा आई-वडिलांकडे ठेवताना त्याची लस, खाणे आणि औषधे आपण लिहून देता. त्यासोबत एक वाक्य तोंडाने सांगा: “आई, ओढ बसली तर दोरी सोड. कुत्रा गेला तरी चालेल.” हे वाक्य कोणी उच्चारत नाही, कारण ते गृहीतच आहे असे आपल्याला वाटते. आई-वडिलांच्या मनात मात्र ते गृहीत नसते. त्यांना तुमची ठेव सांभाळायची असते, आणि ठेव सांभाळणारी माणसे मूठ उघडत नाहीत.

काकींच्या मुलाला मी हेच सांगितले. तो दूरध्वनीवर बराच वेळ गप्प होता. पुढच्या रविवारी तो आला तो कुत्री न्यायला नव्हे. त्याने जांभ्याच्या पायऱ्यांना लाकडी कठडा बसवला, शेवाळ खरवडून काढले, दोन नव्या दोऱ्या आणल्या आणि शेजारच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाशी ब्रूनोच्या सकाळच्या फेरीचे ठरवले. आईला जे सांगायचे ते त्याने ओसरीवर बसून सांगितले.

आता काकी सकाळी मोतीबरोबर पंधरा मिनिटे जातात. दोघांचीही चाल सारखीच झाली आहे. संध्याकाळी शेजारचा मुलगा ब्रूनोची दोरी धरतो आणि काकी मोकळ्या हातांनी त्यांच्यासोबत पंधरा मिनिटे चालतात. डाव्या हाताने गडग्याचा आधार घ्यावासा वाटला तर तो हात मोकळा असतो. मनगट जुळले आहे, थोडे वाकडे; थंडीत दुखते. साखर उतरणीला लागली आहे.

गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःहून सांगितले, की मुलगा परीक्षेला गेला होता त्या दिवशी ब्रूनोला त्यांनी एकटीने नेले. एका बकरीमागे त्याने धाव घेतली. मी श्वास रोखून विचारले, “मग?”

“सोडलंय,” काकी म्हणाल्या. “गेलो, आणि माझ्याआधी घराक येवन बसलो.”

वाचकहो, आता माझ्या दवाखान्यात कोणी “चालू का?” असे विचारले, की मी तीन उलट प्रश्न विचारतो: कुठे, कोणत्या पादत्राणांत आणि कोणाबरोबर? उत्तरात कुत्रे आले, की चौथाही विचारतो: किती?